सुरकुती कार्पेटची नाही, खालच्या फोमची आहे

पत्र: काका, नमस्कार. आजोबांनी १९६१ साली सेकंडहँड घेतलेली १९५४ ची मॉरिस मायनर (चार दरवाजे, पुढे दोन काचा) पार्ल्यात आमच्या सोसायटीत उभी आहे. जानेवारीत बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतील, तेव्हा त्यांना तिच्यात बसवून शिवाजी पार्कला न्यायचं ठरवलंय. इंजिन, रंग, सीट सगळं झालं. राहिलं कार्पेट. इंग्लंडहून लाल रंगाचा तयार सेट मागवला, वर कस्टम ड्यूटी भरली. आता टनेलवरचा तुकडा सुरकुततो, ड्रायव्हरकडचा दाराच्या बाजूला जवळजवळ इंचभर आखूड पडतो, आणि मागच्या सीटखाली सापडलेल्या जुन्या तुकड्यापेक्षा रंग भडक दिसतो. कुशनवाल्याने खाली अर्धा इंची फोम अंथरलाय. तो म्हणतो, 'मॅडम, सोल्यूशन मारून खेचून बसवतो, परवा घेऊन जा.' भाऊ म्हणतो, परत पाठव, रॅलीत मार्क कापतील. मैत्रीण म्हणते, कुर्ल्याला जाऊन नवीन करून घे. नवरा म्हणतो, पायाखालचं कोण बघतं? आणि हे 'ऊन' (म्हणजे लोकर) म्हणून विकलंय ते खरंच ऊन आहे का? – मॉरिसवाली, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर:

आधी कुशनवाल्याला फोन करून सांगा की सोल्यूशनचा डबा उघडू नकोस. मग चहा घेऊन पुढचं वाचा.

ताई, तुम्ही सगळा दोष कार्पेटला दिलात, पण आरोपी तुमच्याच पत्रात एका छोट्या वाक्यात दडून बसलाय. अर्धा इंची फोम. कुशनवाल्यांची ही जुनी सवय. सीटची कामं करणारा माणूस, तो जमिनीलाही सीटच समजतो. हाताने दाबून दाखवतो, 'बघा, कसं गुबगुबीत', आणि आपणही दाबून बघतो नि मान डोलावतो. घरातला उशीचा अभ्रा आठवा. बारक्या उशीच्या मापाने शिवलेला अभ्रा जाडजूड उशीवर चढवला तर तोंडाशी आखूड पडतो आणि कोपऱ्यांत चुण्या येतात. त्यात शिवणाऱ्या बाईचा काय दोष?

थोडा हिशोब मांडतो. गिअरबॉक्सवरचा उंचवटा, म्हणजे तुमचं टनेल, साधारण अर्धगोल धरा. अर्धगोलावर खालची जाडी जितकी वाढेल, त्याच्या तिपटीहून थोडं जास्त कापड वरून लागतं. तयार सेट बहुतेक वेळा खाली पातळ नमदा, म्हणजे लोकर किंवा ताग दाबून केलेला थर, असेल असा अंदाज धरून कापलेले असतात. समजा ६ मिलिमीटर. तुमच्याकडे आहे १२. फरक ६ मिलिमीटरचा, पण टनेल ओलांडताना कापड खाल्लं जातं सुमारे १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. आणि टनेल जिथे फरशीला मिळतं, त्या आतल्या कोपऱ्यात नेमकं उलटं होतं. मऊ फोम कोपरा भरून टाकतो, कापड खाली बसायच्या ऐवजी तरंगतं, आणि पाय पडला की तिथे घडी उमटते. फरशीच्या तुकड्याची टनेलकडची कड याच गोल झालेल्या कोपऱ्यावर चढून बसते, मग दाराच्या बाजूला तो कमी पडतो. आखूडपणा आणि सुरकुती या तुम्हाला दोन तक्रारी वाटतात, आजार एकच आहे.

तेव्हा फोम सगळा बाहेर काढा. एकही तुकडा चिकटवलेला नसेल तर पाच मिनिटांचं काम. नुसत्या पत्र्यावर सेट अंथरा आणि बघा. तो आता किंचित सैल, थोडा मोठा वाटला, तर अभिनंदन, सेट तुमच्याच गाडीचा आहे. पातळ थर खाली गेला की तो बरोबर बसेल.

फोम काढूनही टनेलवरचा तुकडा रुसलेलाच राहिला तर गिअरच्या दांडीचं भोक कुठे येतं ते पाहा. मायनर १९४८ पासून १९७१ पर्यंत बनत राहिली आणि लांबून बघितलं तर सगळ्या सख्ख्या बहिणी वाटतात. पण १९५६ मध्ये मायनर १००० आली. पुढच्या दोन काचांच्या जागी एक अखंड काच आली आणि गिअरची लांब, वाकडी दांडी जाऊन मागे सरकलेली आखूड दांडी आली. दांडी सरकली तसं तिच्याभोवतीचं टनेलवरचं झाकणही बदललं. आज रस्त्यावर राहिलेल्या मायनरमध्ये १००० च जास्त, त्यामुळे दुकानदाराच्या फडताळातही तिचेच सेट जास्त. तुम्ही मागवताना साल लिहिलं होतं की नुसतं 'मॉरिस मायनर, फोर डोअर'? भोक मागे येत असेल तर चूक मापाची नाही, मॉडेलची आहे, आणि मग भावाचं बरोबर. न कापलेला, न चिकटवलेला सेट फोटो काढून परत करा किंवा तेवढा एक तुकडा बदलून मागा. गाडीत मधल्या काळात कुणी दुसरंच गिअरबॉक्स बसवलं असेल तर मात्र इंग्लंडवाल्याला बोल लावू नका. तो तुकडा इथेच करून घ्यावा लागेल.

एका बाबतीत तुम्ही नशीबवान. इंग्लंडचा सेट म्हणजे उजव्या हाताची गाडी. माझ्या ओळखीच्या एका बीटलवाल्याने अमेरिकेतून सेट मागवला होता. टाचेखालचं रबर आलं डावीकडे, त्याच्या बायकोच्या पायाखाली. ती त्याच्या शेजारी बसून दर सिग्नलला मनातल्या मनात ब्रेक मारते, तेव्हा अगदीच वाया गेलं असं म्हणवत नाही.

आता कार्पेट बाजूला ठेवा आणि पत्र्याकडे या. 'रंग झाला' असं तुम्ही लिहिलंय, पण रंग बाहेरून झाला की आतून, फरशीलाही? आणि दुसरा प्रश्न, २६ जुलै २००५ ला गाडी कुठे उभी होती? त्या दिवशीच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पार्ला म्हणजे पुढचंच स्टेशन. पाणी दोन दिवसांत ओसरलं असेल, पण दाराच्या उंबरठ्याखालच्या पोकळ पेटीत शिरलेला गाळ आपणहून बाहेर येत नाही. तो ओल धरून बसतो आणि पत्रा आतून खातो, वरून रंग चकचकीत असतानाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फरशीच्या कडेकडेने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तिथे टोकाने टोचून बघा. भीती वाटेल, तरी टोचा. भोक पडलं तर ते आज पडलेलं नाही, आज फक्त दिसलं.

हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो आहे. माझी पहिली गाडी फिएट ११०० डिलाइट, आपल्या कुर्ल्यात बनलेली. मे महिन्यात हौसेने कार्पेट घातलं, खाली जाड फोम, आणि काठापासून काठापर्यंत सोल्यूशन. चार लोकांना बसवून दाखवलं. जूनमध्ये पाऊस आला. जुलैत गाडीत ओल्या घोंगडीचा वास यायला लागला. मी डांबरगोळ्या ठेवल्या, कापूर ठेवला, कुणी कॉफीची पूड सांगितली तीही ठेवली. गणपतीपर्यंत गाडीला घोंगडी, कापूर आणि कॉफी असा एकत्र वास येऊ लागला, आणि माझी बहीण मागे बसायला नको म्हणायला लागली. दिवाळीत एकदाचं कार्पेट ओढलं तर त्याच्याबरोबर फरशीचा पापुद्राही सोलून आला. ड्रायव्हरच्या टाचेजवळ बोट घातलं तर खाली रस्ता. पाणी कुठून येत होतं? पुढच्या काचेच्या रबरातून. रबर बदलायला जे पैसे लागले असते त्याच्या कितीतरी पट टिंकरला दिले.

तुमच्या गाडीला पुढे दोन काचा, मध्ये पट्टी, म्हणजे पाणी शिरायला जागा जास्त. ते डॅशबोर्डच्या मागून उतरतं, बाजूच्या पॅनेलच्या आडून कार्पेटखाली जातं. ओल टाचेला लागते आणि चोर असतो कपाळावर. म्हणून कार्पेट घालायच्या आधी पाण्याची परीक्षा घ्यायचीच. ती कशी ते शेवटी सांगतो.

खाली काय घालावं? पूर्वी तागाचा किंवा लोकरीचा नमदा घालत. आवाज छान अडतो, पण तो थंड, कोरड्या गॅरेजमधल्या गाडीला ठीक. आपल्याकडे चार महिने हवाच ओली असते. कुशनवाल्याचा फोम तर सरळसरळ स्पंज. भांडी घासायला वापरतो तोच प्रकार, पिळला तर पाणी निघेल. मी हल्ली एसीच्या डक्टला गुंडाळतात ती काळी नायट्राइल शीट घालतो, ५ किंवा ६ मिलिमीटरची. तिच्यातली छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात, त्यामुळे पाणी तिच्यात मुरत नाही. तीही पूर्ण चिकटवायची नाही, तुकडे मापाने कापून ठेवायचे, उचलता आले पाहिजेत. मधल्या कोपऱ्यात, टनेलच्या पायथ्याशी, शीट दोन बोटं आधीच थांबवा म्हणजे कार्पेट कोपऱ्यात नीट उतरेल. पत्र्याचा डबाडबा आवाज फार असेल तर मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर डांबरी शीटचे तुकडे लावा. सगळी फरशी मढवायची गरज नसते, निम्म्या भागातही पत्र्याचं थरथरणं बरंच कमी होतं. फरशीतल्या रबरी बुचांवर मात्र काहीही चिकटवू नका. पाणी आत आलंच तर बाहेर जायची वाट तीच.

आणि आता त्या सोल्यूशनवर मी एवढा का चिडलो ते. मायनरच्या ब्रेकचं मास्टर सिलिंडर बॉनेटखाली नसतं. ते ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या दांड्यात असतं. ब्रेक ऑइल किती आहे ते बघायचं तर कार्पेट उचलावं लागतं, फरशीवरचं छोटं झाकण काढावं लागतं, मग आत बूच दिसतं. कुशनवाल्याने तिथे सोल्यूशन मारून कार्पेट 'खेचून बसवलं' तर दोनच गोष्टी होतील. एकतर मेकॅनिक पहिल्याच सर्व्हिसला ते टराटरा फाडेल, नाहीतर 'नवीन कार्पेट आहे, राहू दे' म्हणून कुणी ऑइल बघणारच नाही. पहिलं झालं तर तुम्ही रडाल. दुसरं झालं तर गाडीत बाबा असतील. त्या कुशनवाल्याला हे माहीत असायचं कारण नाही, त्याने आयुष्यभर मारुतीच्या सीट शिवल्या. पण म्हणूनच त्याला समोर उभं करून ते झाकण दाखवा. दाखवल्यावर हे लोक फार मन लावून काम करतात, हाही माझा अनुभव आहे. ऑइल भरताना कार्पेट पूर्ण बाहेर काढायचं. ते सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्याने पुसायचं.

पेडलही तपासा. मायनरमध्ये क्लच आणि ब्रेकच्या दांड्या फरशीतून वर येतात, त्यामुळे कार्पेटला त्यांच्यासाठी चिरा असतात. चिरा ऐसपैस हव्यात आणि त्यांच्या कडांना गोट हवा, नाहीतर सुटलेले धागे दांडीला गुंडाळत जातात. कार्पेट ठेवून, गाडी बंद असताना, तिन्ही पेडल तळापर्यंत दाबा आणि सावकाश सोडा. परत येताना कापड जरासुद्धा घासलं तर तिथे कापायला मी आनंदाने परवानगी देतो. डाव्या पायाजवळ फरशीवर डिपरचं बटण आहे, त्याचं भोकही मोकळं ठेवा. टाचेचं रबर तुमच्या टाचेखाली येतं का ते नेहमीच्या चपला घालून बसून बघा. आणि कार्पेट खराब होऊ नये म्हणून वर आणखी एक मॅट टाकायचा मोह होईल, दुकानदार ती सेव्हन-डी की काय ती गळ्यात मारायला बघेल. ड्रायव्हरच्या बाजूला नको. ती सरकून ब्रेकखाली जाते.

ऊन की नाही? हे घरीच कळतं. कार्पेटच्या उलट्या बाजूने, कडेच्या आतून, दोन-चार धागे उपटा. चिमट्यात धरून काडी लावा. ऊन असेल तर केस जळल्याचा वास येईल, ज्योत बाजूला केली की ते विझेल आणि काळी राख बोटांनी चुरगळेल. प्लॅस्टिकचा धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर पुढची परीक्षा: वाटीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, धागा बुडवून चेपा आणि सोडा. वर तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर बहुधा नायलॉन. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, नायलॉन जड, एवढं साधं आहे. (मला एकदा एकाने शपथेवर 'प्युअर वूल' म्हणून दिलेलं कार्पेट बदकासारखं तरंगलं होतं.)

त्यानंतर विणीची घट्टी. तुकडा टेबलाच्या कडेवर उलटा वाकवा, लव बाहेर. वाकलेल्या जागी लव फाकून खालचं पांढरं जाळं दिसलं तर समजा कार्पेट दात विचकतंय. टनेलच्या वळणावर ते रोज असेच दात विचकणार. घट्ट विणीचं कार्पेट वाकवलं तरी तोंड मिटून असतं. मग पांढरा ओला रुमाल जोरात घासा. लाल उतरला तर पहिल्याच पावसात पाहुण्यांचे पांढरे मोजे गुलाबी होतील. शेवटी कडेचा गोट बघा. टाके एकसारखे, कोपऱ्यात गोट फुगलेला नाही, शिलाई लवेत रुतलेली. लांब टाके घाईत घातलेले असतात आणि बुटाच्या टोकात ते बरोबर अडकतात.

माझं मत विचाराल तर ऊन नाही निघालं म्हणून उपाशी राहू नका. ऊन सुंदर दिसतं, पायाला उबदार लागतं, पण स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश ओल ते हाताला जाणवू न देता पिऊन टाकतं. मुंबईत त्याला बुरशी येते, गाडी पडून राहिली की कसर लागते. रोज फिरणाऱ्या गाडीला मी स्वतः चांगलं नायलॉनच घालतो. पॉलिप्रॉपिलीन मागच्या बाजूला चालेल, ते पाणी पीत नाही हा त्याचा गुण, पण ड्रायव्हरच्या टाचेखाली लवकर बसतं, मग चमकतं, मग फाटतं. अर्थात ऊन म्हणून पैसे घेतले आणि निघालं प्लॅस्टिक, तर ती फसवणूकच. धागे जळतानाचा व्हिडिओ काढून पाठवा आणि पैसे परत मागा.

रंगाची घाई करू नका. सीटखालचा जुना तुकडा उन्हापासून वाचलेला असतो, त्यामुळे मूळ रंगाचा सगळ्यात खरा साक्षीदार तोच. पण त्याच्यावर साठ वर्षांची धूळ आणि तेल बसलंय. सौम्य शाम्पूने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग दोन्ही तुकडे शेजारी ठेवा आणि दिवसाउजेडी, दार उघडून, गाडीतच बघा. ट्यूबलाइटखाली लाल रंग हमखास खोटं बोलतो. आणखी एक गंमत. मखमलीवर उलटा हात फिरवला की रंग गडद होतो, तसंच इथे. दोन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेला करून बघा. तुमच्या सेटमधल्या सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला, गाडीच्या पुढून मागे किंवा मागून पुढे, आहे ना, हेही पाहा. एक तुकडा फिरवून कापला असेल तर तोच भडक वाटत असेल. एवढं करूनही फरक राहिला तर तुमच्या सीटच्या रेक्झिनशेजारी कोणता रंग बरा दिसतो ते ठरवा. मागच्या सीटखालच्या तुकड्याशी स्पर्धा करायला पाहुणे येणार नाहीयेत.

बसवण्याबद्दल. सेट घडी घालून खोक्यात आलाय, त्या घड्या आधी मोडायला हव्यात. बाहेर कडक ऊन पडलेलं असतं तर गच्चीवर पसरा म्हणालो असतो, पण सध्या आकाशाचा भरवसा नाही. तुकडे गादीखाली घाला, शाळेची पँट घालायचो तसे. चार रात्रींत सरळ होतात. ऊन किंवा नायलॉन असेल तर उलट्या बाजूने ओला पंचा ठेवून हलकी इस्त्री चालते. तरंगणाऱ्या धाग्याला इस्त्री लावू नका, तो १६० अंशांच्या आसपास वितळतो.

क्रम असा ठेवा की टनेल आधी, मग पुढचे दोन, मग मागचा. उंबरठ्याचे तुकडे शेवटी. सीटच्या बोल्टची भोकं ड्रिलने पाडू नका. ड्रिल धागा पकडतं आणि एका क्षणात वीतभर रेघ उसवते, मी पाहिलंय. खालून आरीने टोचून जागा काढा, वरून खडूची खूण करा आणि नायलॉन असेल तर तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने भोक पाडा. कडा वितळून बंद होते, धागा सुटत नाही. लोकरीच्या कार्पेटला तीक्ष्ण पंचने. फरशीवरचे तुकडे सरकू नयेत म्हणून कडेला टिचबटणं लावा, बॅगेला असतात तशी, जरा दणकट. टिचबटणाचा स्क्रू कुठे घालताय ते खाली वाकून बघा. तिथून ब्रेकची नळी किंवा वायर जात नाही ना? सोल्यूशन लावायचंच तर फक्त उभ्या भागांना, पुढच्या भिंतीला आणि उंबरठ्याच्या बाजूला, आणि तेही पाऊस संपल्यावर. दमट हवेत सोल्यूशन वाळताना त्याच्या थरावर बाष्प जमतं, पांढुरकी साय येते आणि पकड जाते. आज चिकटलेलं दसऱ्याला लोंबायला लागतं. जानेवारी लांब आहे. ऑक्टोबरमध्ये करा.

आता तुमच्या घरच्यांचं. भावाला सांगा की रॅलीत परीक्षक कापड आणि रंग बघतील, हे खरं. पण २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांच्या विंटेज नोंदणीचे जे नियम आणले, त्यांत अट आहे ती चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसण्याची. कार्पेट बदलल्याने नोंदणीचं काही बिघडत नाही. मैत्रिणीचा सल्ला वाईट नाही, कुर्ल्यात सीएसटी रोडला चांगले हात आहेत. पण तिथे गेलात तर रिकाम्या हाताने जाऊ नका. जुने फाटके तुकडे, एकही न टाकता, घेऊन जा. त्यांच्यावरून आधी मांजरपाटाचा नमुना कापून गाडीत बसवून बघायचा, मगच कार्पेटला कात्री. जुना तुकडा फाटलेला असला तरी त्याच्या कडा आणि भोकं मूळ मापं सांगतात. कुशनवाल्यांना ते कचऱ्यात टाकायची भारी घाई असते, त्यामुळे आजच घरी आणून ठेवा. आणि नवऱ्याला काय सांगायचं ते तुम्ही बघा. पायाखालचं कोणी बघत नाही हे माझ्या फिएटलाही वाटलं होतं.

पाण्याची परीक्षा राहिली. कार्पेट आणि शीट बाहेर असताना फरशीवर कालच्या वर्तमानपत्राची पानं सुटी करून अंथरा. पहिलं पान ड्रायव्हरकडे, खेळाचं पान शेजारी, मागे उरलेली. दारं लावा. कुणाला तरी नळी घेऊन आधी फक्त खालून, दारांवर, दहा मिनिटं पाणी मारायला सांगा. बघा. मग काचेवर, मधल्या पट्टीवर, दहा मिनिटं. परत बघा. सगळं एकदम भिजवलंत तर चोर सापडत नाही. पानं कोरडी निघाली तर ऑक्टोबरमध्ये निर्धास्त टिचबटणं लावा. ओली निघाली तर मला लिहा, आणि कुठलं पान भिजलं तेही लिहा.